डबा बदलता येतो, नोंद नाही: घरच्या कंटेनरांचा डॅशबोर्ड

(पॉडकास्टच्या या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळजवळ जसंच्या तसं.)

मागच्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "जुन्या लॅपटॉपवर डॉकर टाकलं, चार-पाच ॲप चालू केली, आता हा पसारा सांभाळायचा कसा?" आज तेच बघू. डॅशबोर्ड म्हणजे काय, तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे त्याच्यावर विसंबून राहायचं नाही.

सुरुवात मात्र आपल्या रायगडातल्या रस्त्यावरून करतो.

करळ फाट्यावरचे डबे

अटल सेतूवरून उरणच्या दिशेला येताना न्हावा शेव्याच्या उंच क्रेन दिसायला लागतात. पुढे करळ फाट्याला गाडी अडकली, की मागेपुढे ट्रेलरच ट्रेलर. निळे, लाल, गंज चढलेले डबे. आत टीव्ही आहेत की कांदा, याने क्रेनला काही फरक पडत नाही. डब्याचं माप ठरलेलं, कोपऱ्यांवरची कड्यांची जागा ठरलेली. म्हणून तोच डबा जहाजावर बसतो, रेल्वेवर बसतो आणि ट्रेलरवरही बसतो.

२६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत माल्कम मॅकलीनच्या 'आयडियल एक्स' जहाजाने ५८ डबे घेऊन नेवार्क ते ह्यूस्टन असा प्रवास केला. त्याआधी पोती, पिंपं, खोकी एकेक करून उचलावी लागायची. आपलं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि आज देशातल्या कंटेनर वाहतुकीचा मोठा भाग तिथूनच होतो.

२०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सने डॉकर लोकांसमोर आणलं, तेव्हा कल्पना हीच होती. ॲप, त्याला लागणाऱ्या लायब्ररी, सेटिंग, सगळं एका ठरलेल्या मापाच्या डब्यात. मग तो डबा तुमच्या लॅपटॉपवर चालवा, रास्पबेरी पायवर चालवा किंवा भाड्याच्या सर्व्हरवर. प्रोसेसरच्या जातीचा डबा निवडला की झालं.

तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील. इमेज म्हणजे डब्याचा साचा. कंटेनर म्हणजे त्या साच्यातून काढून चालू केलेला डबा. आणि व्हॉल्यूम म्हणजे डब्याबाहेरचं गोदाम, जिथे तुमचा खरा माल असतो. कंटेनर पुसला तरी गोदाम राहतं. पण गोदाम जोडलंच नसेल, तर कंटेनर पुसताना आतला माल गेला.

डॅशबोर्ड लागतो कधी?

माझ्या घरी, अलिबागजवळ, एका जुन्या लॅपटॉपवर चार ॲप चालतात. फोटोंसाठी इमिच, कागदपत्रांसाठी पेपरलेस, सिनेमांसाठी जेलीफिन आणि जाहिराती अडवायला पाय-होल. ऐकायला चार, पण एकट्या इमिचचेच चार कंटेनर असतात. डेटाबेस वेगळा, कॅश वेगळी, चेहरे ओळखणारा भाग वेगळा. असं करत आकडा दहाच्या आसपास जातो.

त्या पेपरलेसमध्ये आमचे सातबारा आहेत, फेरफार आहेत, आजोबांच्या वेळचे वाटणीचे कागद आहेत. ओसीआरला मराठी भाषा जोडली, की छापील कागदातलं नाव टाकून शोधता येतं. घरातल्या कुणालाही काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची हौस नाही. आईला फक्त एवढंच हवं असतं, की "कागद उघडत नाहीये" म्हटल्यावर कुणीतरी फोनवर बघून सांगावं काय झालंय.

तिथे डॅशबोर्ड कामाला येतो. पोर्टेनर हा त्यातला सगळ्यात माहितीचा. त्याची कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, सोर्स खुला आहे. तो स्वतःही एक कंटेनरच असतो. फोनच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा घरातला आयपी पत्ता आणि पुढे ९४४३ हा पोर्ट टाकला, की यादी समोर. कोणता कंटेनर चालू, कोणता बंद, कोण किती मेमरी खातोय, कुणाच्या लॉगमध्ये काय रडगाणं चाललंय, सगळं दिसतं. बंद-चालू करायला बटणं आहेत.

सेल्फ-होस्टेड म्हणतात ते याला. हा डॅशबोर्ड कुठल्या कंपनीच्या ढगात नसून तुमच्याच घरात चालतो. आपल्या किनाऱ्यावर याला वजन आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात कितीतरी दिवस वीज आणि मोबाईलचं नेटवर्क नव्हतं. अशा वेळी इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालत असेल, तर इंटरनेटशिवायही घरातल्या वायफायवर तुमचे कागद उघडतात आणि डॅशबोर्डही.

इथपर्यंत सगळं छान आहे. आता एक घडलेली गोष्ट ऐका.

जून २०१७, न्हावा शेवा

२७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि काही तासांत जगभर पसरला. मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी त्यात सापडली. त्याच गटाची एपीएम टर्मिनल्स ही कंपनी न्हावा शेव्याला गेटवे टर्मिनल्स इंडिया चालवते. तिथलं काम ठप्प झालं.

आता बघा, एकाही लोखंडी डब्याला ओरखडा आला नव्हता. क्रेन जागच्या जागी, जहाज धक्क्याला. गेली होती ती नोंद: कुठला डबा कुणाचा, कुठे ठेवलाय, कुठे जायचाय. ती नसली की हजारो डबे म्हणजे नुसता लोखंडाचा ढिगारा.

पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोसला मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितलं, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं. आणि सगळ्या नेटवर्कची ओळखपाळख ठेवणारा जो डेटा होता, त्याची एकच धड प्रत मिळाली. ती होती आफ्रिकेत, घानामधल्या कार्यालयात. का वाचली? तिथे नेमकी लाईट गेली होती, म्हणून ते मशीन नेटवर्कवर नव्हतं!

आपण किनाऱ्यावरची माणसं लाईट गेली की वैतागतो. तिथे गेलेल्या लाईटीने एवढ्या मोठ्या कंपनीला हात दिला. अर्थात असं नशिबावर सोडायचं नसतं. या गोष्टीतून आपल्या घरच्या डॅशबोर्डसाठी तीन गोष्टी घेऊ.

एक: हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक, असं नाही

डॅशबोर्डवर "रनिंग" दिसतं म्हणजे कंटेनरच्या आतली मुख्य प्रोसेस जिवंत आहे, एवढंच. ॲप काम करतंय की नाही, हे त्याला माहीत नसतं. माणूस श्वास घेतोय म्हणजे तो कामावर आलाय असं थोडंच! त्यासाठी हेल्थचेक लावावा लागतो. दर काही सेकंदांनी डॉकर ॲपला हाक मारून बघतो आणि उत्तर नाही आलं तर "अनहेल्दी" दाखवतो. बऱ्याच इमेजमध्ये तो आधीच असतो, नसेल तर आपण जोडायचा.

कंटेनर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत असेल तर आधी लॉग वाचा. एक्झिट कोड १३७ दिसला तर प्रोसेसला जबरदस्तीने मारलंय. बहुतेक वेळा कारण एकच, मेमरी संपली.

आणि लाईट जाऊन आल्यावर कंटेनर आपोआप उठतात का? आपण सांगितलं नसेल तर नाही उठत. रीस्टार्ट पॉलिसी "अनलेस स्टॉप्ड" ठेवा. मग जे चालू होते ते मशीनबरोबर उठतात आणि जे तुम्ही मुद्दाम बंद केले होते ते बंदच राहतात.

दोन: डॅशबोर्ड म्हणजे किल्ल्यांचा जुडगा

हा भाग नीट ऐका. पोर्टेनर डॉकरशी बोलतो ते डॉकर सॉकेट नावाच्या एका दारातून. त्या दारातून नवा कंटेनर बनवता येतो. आणि नवा कंटेनर बनवताना त्याला मशीनची अख्खी डिस्क जोडता येते. म्हणजे डॅशबोर्डचा ॲडमिन पासवर्ड ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुमचा लॅपटॉप. फोटो, सातबारा, सगळं.

काही जण सॉकेटची जोडणी "फक्त वाचण्यापुरती" करतात आणि निर्धास्त होतात. त्याने फाईलला हात लागत नाही एवढंच, दारातून हुकूम सोडता येतातच.

म्हणून डॅशबोर्ड थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून "बाहेरून पण बघता येतं" अशी मौज नको. बाहेरून बघायचंच असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा खासगी बोगदा करा. फोनवर ते ॲप चालू केलं, की पुण्यात बसूनही घरातल्या वायफायवर असल्यासारखं दिसतं. मोबाईल कंपन्यांच्या इंटरनेटवर स्वतःचा सार्वजनिक आयपी बहुधा मिळत नाही, तिथेही टेलस्केल चालतं.

आणखी एक गोम सांगतो. लिनक्सवर यूएफडब्ल्यू फायरवॉल लावून बरेच जण निश्चिंत होतात. पण डॉकरने उघडलेले पोर्ट त्या नियमांना वळसा घालून जातात. भाड्याचा सर्व्हर असेल तर हे पक्कं ध्यानात ठेवा आणि पोर्ट फक्त मशीनच्या आतल्या पत्त्यावर, १२७.०.०.१ वर बांधा.

पोर्टेनर पहिल्यांदा चालू केल्यावर पाच मिनिटांत ॲडमिन खातं बनवावं लागतं, नाहीतर तो स्वतःला बंद करून घेतो आणि रीस्टार्ट करावा लागतो. अनेकांना तो बिघाड वाटतो. पण मालक येण्याआधी दुसऱ्याच कुणी घरात शिरून कुलूप बदलू नये, म्हणून ती सोय आहे.

तीन: नोंद बाहेर ठेवा

आता मुख्य मुद्दा. कंटेनर कधीही पुन्हा बनवता येतो. पुन्हा बनत नाहीत त्या दोन गोष्टी: व्हॉल्यूममधला डेटा आणि कंपोज फाईल. कंपोज फाईल म्हणजे कुठला डबा, कुठल्या गोदामाला जोडलेला, कुठल्या पोर्टवर, याची लेखी नोंद.

पोर्टेनरमध्ये वेब एडिटरवर स्टॅक बनवलात, तर ती नोंद पोर्टेनरच्या स्वतःच्या गोदामात बसते. ते गेलं की नोंद गेली. म्हणून कंपोज फाईल वेगळ्या फोल्डरमध्येही ठेवा. डॉकगे नावाचा दुसरा, हलका डॅशबोर्ड आहे. तो या फाईली साध्या फोल्डरमध्येच ठेवतो, उद्या डॉकगे काढून टाकला तरी त्या तिथेच राहतात. घरच्या वापराला मला तोही पटतो.

डेटाबेस चालू असताना त्याच्या फाईली नुसत्या कॉपी करू नका, प्रत अर्धवट निघू शकते. आधी डंप काढा, मग तो डंप कॉपी करा. आणि इमेजला "लेटेस्ट" लिहून सोडून देऊ नका, आवृत्तीचा आकडा लिहा. पोस्टग्रेस १५ चा डेटा १६ ला थेट वाचता येत नाही. नवी आवृत्ती नकळत आली तर डेटाबेस उठतच नाही.

प्रती किती? तीन. दोन वेगवेगळ्या साधनांवर. त्यातली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे एखादी हार्ड डिस्क, जी एरवी वायर काढून ठेवलेली असते. पनवेलला मामाकडे, पेणला मावशीकडे, कुठेही. घानामधलं मशीन जे नकळत होतं, ते आपण ठरवून करायचं. किनाऱ्यावर तर हे हवंच, कारण खारी हवा आणि पावसाळ्यातली दमट खोली यूएसबी पोर्टलाही सोडत नाही.

पावसाळ्याआधीचा एक रविवार

शेवटी करायचं काय, ते थोडक्यात. मे महिन्यातला एक रविवार काढा. डॅशबोर्डमध्ये प्रत्येक कंटेनर उघडून बघा, त्याचं व्हॉल्यूम कुठे आहे. ज्याचं सापडत नाही, त्याच्याकडे आधी लक्ष द्या. रीस्टार्ट पॉलिसी तपासा. लॅपटॉपचं चार्जर काढून बघा, बॅटरी किती वेळ तग धरते ते. बॅटरी फुगलेली असेल तर लगेच बदला.

जागा कमी पडते म्हणून न वापरलेल्या इमेज पुसायच्या असतील तर त्या पावसाळ्यात, नेट डळमळीत असताना पुसू नका. वादळात नेट गेलं तर साचा परत उतरवता येणार नाही आणि बंद पडलेला कंटेनर नव्याने बनणार नाही.

आणि मग खरी परीक्षा. मित्राचा एखादा रिकामा लॅपटॉप घ्या. तुमच्या कंपोज फाईली आणि बॅकअपची डिस्क, एवढ्यावरच पेपरलेस उभं करून दाखवा. आईला बोलवा आणि सांगा, "आता सातबारा शोध." तो उघडला तर तुमचा बॅकअप खरा. नाही उघडला, तर पाऊस यायला अजून वेळ आहे, बसा दुरुस्त करत.

कुठे अडलात तर लॉगचा फोटो काढून पाठवा, फक्त त्यातला पासवर्ड झाकायला विसरू नका. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या!