जुना रेझर : जपावे काय आणि टाकावे काय

व्यापाऱ्याच्या घरात जुनी वस्तू सहसा टाकली जात नाही. ती माळ्यावर जाते, ट्रंकेत जाते, नाही तर दुकानाच्या खालच्या खणात वर्षानुवर्षे पडून राहते. आमच्या बेळगावच्या कटलरी दुकानातील अशाच एका खणात मला माझ्या वडिलांचा, आप्पांचा, दाढीचा रेझर सापडला. इंग्लंडात घडलेला जिलेट. मुठीच्या टोकाची फिरकी फिरविली की माथ्यावरची दोन झाकणे पंखांप्रमाणे उघडावीत आणि पाते आत ठेवावे, अशी त्याची रचना. सर्वांगावर सोन्याचा पातळ मुलामा. आप्पांनी तो पस्तीस वर्षे वापरला. मला सापडला तेव्हा त्यावर साबणाचा पांढरा थर साचला होता आणि फिरकी जाम झाली होती.

माझ्या हातून चूक घडली ती येथेच. आतले अंग पितळेचे आहे एवढे मला ठाऊक होते. म्हणून घरची तांब्या-पितळेची भांडी घासतात त्याप्रमाणे मी त्याला चिंच लावली आणि राखेने मन लावून घासले. थोड्याच वेळात रेझर लखलखू लागला. परंतु ती लकाकी पितळेची होती. सोने राखेबरोबर मोरीतून वाहून गेले होते. आईने रेझर हातात घेऊन पाहिला आणि एवढेच म्हणाली, "अरे, आप्पा त्याला नुसत्या पंच्याने पुसत असत." त्यानंतर या विषयाची जी माहिती मी मिळविली आणि जे हाताने करून पाहिले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा रेझर असेलच. त्याचे तरी सोने वाचावे.

पात्याचा व्यापार

पूर्वी दाढी म्हणजे वस्तरा, आणि वस्तरा म्हणजे न्हाव्याचा हात. तो निसण्यावर पाजळावा, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा, हे कसब प्रत्येकाला साधत नसे. १८८० साली अमेरिकेतील कॅम्फे बंधूंनी पात्यापुढे संरक्षक कठडा असलेल्या रेझरचे पेटंट घेतले. कातडी कापण्याचे भय कमी झाले. परंतु पाते जाड व घडीव असल्यामुळे धार लावण्याचे काम सुटले नाही.

ते सोडविले किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याने. तो बाटल्यांची पत्र्याची बुचे करणाऱ्या कंपनीचा माल विकीत असे. त्या बुचाचे जनक विल्यम पेंटर यांनी त्याला सल्ला दिला की, वापरून टाकावी लागेल आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानी येईल, अशी एखादी वस्तू शोधून काढ. १८९५ साली जिलेटला पातळ पोलादी पात्याची कल्पना सुचली. परंतु कागदासारख्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार धरवणे कोणालाच जमत नव्हते. विल्यम निकर्सन या अभियंत्याने त्याची यंत्रे सिद्ध केली. १९०३ साली एकूण विक्री झाली ५१ रेझर आणि १६८ पाती! पुढच्याच वर्षी पेटंट मिळाले आणि रेझरांची विक्री नव्वद हजारांच्या घरात गेली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर व ३ कोटी २० लाख पाती खरेदी केली. शिपाई घरी परतला तो ही सवय घेऊनच.

रेझर फुकटासारखा द्यावा आणि पात्यांवर कमवावे, ही युक्ती जिलेटच्या नावावर सांगितली जाते. वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. पेटंट हाती होते तोवर त्याच्या रेझरची किंमत पाच डॉलर, म्हणजे त्या काळच्या मानाने जडच होती. स्वस्त रेझर त्याने बाजारात आणला तो १९२१ साली पेटंटची मुदत संपण्याच्या सुमारास. एवढे मोल देणाऱ्या गिऱ्हाइकाला टिकाऊ वस्तू देणे भागच होते. म्हणूनच ते पितळी रेझर शंभर वर्षांनंतरही चालतात आणि आजचे साधे दुधारी पाते त्यांत नीट बसते. पाते टाकण्यासाठी केले, रेझर टिकण्यासाठी केला. हा भेद ध्यानात ठेवला की पुढील सारे सोपे होते.

आधी ओळख, मग सफाई

सफाईपूर्वी धातू ओळखावा. जुन्या चांगल्या रेझरांचे अंग पितळेचे व वर निकेल, चांदी किंवा सोने यांचा मुलामा असतो. काही स्वस्त रेझर जस्ताच्या मिश्रधातूचे, काही ॲल्युमिनियमचे, तर काही बेकेलाइटचे असतात. जस्ताच्या रेझरला व्हिनेगर, लिंबू, चिंच यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. अंग खडबडीत होते आणि ते पुन्हा सुधारत नाही. माथ्याच्या आतल्या बाजूस अक्षरे-आकडे असतील तर ते पाहावेत. अमेरिकी जिलेटवर अक्षरावरून वर्ष व आकड्यावरून त्या वर्षाची तिमाही कळते. उदाहरणार्थ, 'ए' आणि १ असे असेल तर तो १९५५ च्या पहिल्या तिमाहीतला समजावा.

जुना रेझर विकत घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. पोकळ मुठीला केसासारखी बारीक भेग आहे काय. कंगव्यासारखे दाते असल्यास त्यांतील एखादा वाकला आहे काय. आणि स्क्रूचे आटे शाबूत आहेत काय. मळ निघतो, परंतु भेग बुजत नाही.

सफाईची रीत अगदी साधी आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून रेझर अर्धा तास बुडवून ठेवावा आणि दात घासण्याच्या मऊ ब्रशाने हळुवार साफ करावा. पांढरा थर हा बहुधा जड पाण्यातील चुना व साबण यांच्या संयोगाने झालेला असतो. तो न निघाल्यास, मुलामा निकेलचा व शाबूत आहे अशी खात्री झाल्यावरच, निम्मे पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये तीन-चार मिनिटे ठेवावा व लगेच धुवावा. राख, वाळू, काथ्या, तारेची घासणी यांना हात लावू नये. सोन्याच्या मुलाम्यावर तर पॉलिशही नको. साबण, पाणी आणि मऊ कापड एवढेच त्याला सोसते. फिरकी जाम असेल तर जोर न लावता खनिज तेलाचा एक थेंब सोडून रात्रभर ठेवावे. आप्पांची फिरकी दुसऱ्या दिवशी सकाळी अशी सुटली की जणू कालच बंद केली होती.

रेझर परक्याचा असेल तर साबणाने धुऊन झाल्यावर स्पिरिटने पुसून वाळवावा. त्यात राहिलेले जुने पाते मात्र केव्हाही वापरू नये. रक्तावाटे पसरणाऱ्या काविळीचा विषाणू, हिपॅटायटिस बी, शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. आपल्या घरातही पाते एकाचे दुसऱ्याने घेऊ नये.

शेवटी नवे पाते बसवून रेझर डोळ्यांसमोर उजेडात धरावा. दोन्ही बाजूंस पात्याची कड सारखी बाहेर दिसली पाहिजे. कमी-अधिक दिसल्यास पाते सैल करून पुन्हा बसवावे. बहुतेक जखमा या तिरपेपणातून होतात आणि दोष मात्र पात्याला दिला जातो.

धार कोणाला लावावी?

काही जुने रेझर मुळातच धार लावून वापरण्यासाठी केलेले होते. त्यांत इंग्लंडचा 'रोल्स' प्रसिद्ध. चपट्या धातूच्या पेटीत एका झाकणाला दगड आणि दुसऱ्याला चामडे. मध्ये पोकळ घासलेले जाड पाते. दांडी पुढे-मागे केली की पाते प्रत्येक टोकाला पालटते आणि खटखट आवाज होतो. असा रेझर घरी असेल तर दररोज दाढीपूर्वी चामड्यावर वीस-तीस फेऱ्या द्याव्यात. दगड मात्र क्वचितच, धार खरोखर उतरल्यावरच वापरावा. दगडावर पात्याची कड पुढे चालते, चामड्यावर ती मागून येते. उलट झाल्यास चामडे कापले जाते. चामडे कोरडे पडले असल्यास तेलाचे बोट फिरवून मऊ करावे. व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावे असे या कंपनीचे पुढचे चरित्र आहे. तिच्या नावावर पुढे जॉन ब्लूम यांनी कपडे धुण्याच्या यंत्रांचा मोठा धंदा उभारला आणि १९६४ साली तो कोसळला. रेझर अजून धार धरून आहेत!

पातळ दुधारी पात्याची गोष्ट वेगळी. काचेच्या पेल्याच्या आतून ते बोटाने दाबून फिरविण्याची युक्ती अनेकांनी वडिलांना करताना पाहिली असेल. साध्या कार्बन पोलादाच्या काळात तिला अर्थ होता. १९६० नंतर न गंजणाऱ्या पोलादाची पाती रूढ झाली आणि त्यांच्या कडेवर अतिशय पातळ लेप देण्यात येऊ लागले. पेल्यावर घासल्याने आधी लेपच जातो. शिवाय धार जाते कशी, हेही आता कळले आहे. २०२० साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी दाखविले की, केस पोलादापेक्षा पन्नासपट मऊ असूनही तो वाकून कडेवर येतो तेव्हा तिचे सूक्ष्म टवके उडतात. टवका उडालेली कड पेल्याने कशी भरून येणार?

हिशेबाने पाहू. एका पात्यात पाच दाढ्या धरल्या तर वर्षाला ७३ पाती लागतात. पेल्यावर घासून सात दाढ्या काढल्या तर सुमारे ५२. वाचली ती वीस-एकवीस पाती. आणि एक जखम चिघळली तर ती सारी बचत मलमपट्टीत जाते. त्यापेक्षा दाढीपूर्वी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस भिजू द्यावेत. भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो. वापरलेली पाती कचऱ्यात न टाकता झाकणाला चीर पाडलेल्या डब्यात साठवावीत. कचरा उचलणारा हातही कोणाच्या तरी घरचा कर्ता हात असतो.

आप्पांच्या रेझरला पुन्हा मुलामा द्यावा म्हणून मी तो मुलामा देणाऱ्या कारागिराकडे नेला होता. तो म्हणाला, "आधी सगळे अंग घासून गुळगुळीत करावे लागेल, मग आतले आकडे पुसट होतील." मी रेझर परत आणला. आज तो पितळेच्याच रंगाचा आहे. दररोज सकाळी त्याने दाढी करतो, पाते सैल करून धुतो आणि पंच्याने पुसून ठेवतो. मुठीच्या खाचांत, जेथे राख पोहोचली नाही, तेथे सोन्याची एक बारीक रेघ अजून शिल्लक आहे.