सांगाडे दोनशे, रुग्ण किती?

घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७०० दरम्यानच्या या वस्तीत दोनशेहून अधिक दफने सापडली. त्यांत लहान मुलेच जास्त. मूल आत ठेवून दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली आडवी पुरलेली. पुरलेल्या या माणसांपैकी कोणाला आतड्याचा दाह होता का? आतडे मातीत टिकत नाही. दाताच्या एनॅमलवर आडव्या खाचा मात्र राहतात. बालपणी वाढ अडली एवढेच त्या सांगतात. उपासमारीने, हगवणीने की आणखी कशाने, ते नाही. आणि सांगाड्यांची संख्याही अपुरी. पंजाबात घरोघर फिरून केलेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५१,९१० जणांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे, २३ रुग्ण निघाले, म्हणजे लाखात ४४. या हिशेबाने एक रुग्ण सापडायला सव्वादोन हजार माणसे तपासावी लागतात. जिवंत रुग्णाचेही निदान सोपे नाहीच : क्रोन्स (आतड्याच्या दाहाचाच दुसरा आजार) आणि आतड्याचा क्षय यांत आपल्याकडे आजही गल्लत होते, आणि काही रुग्ण आधी महिनोन्महिने क्षयाच्या गोळ्या घेतात.