नखाएवढा नमुना, 60 टन पोलाद

बेअरिंगच्या पोलादाच्या 60 टनांच्या एका हीटचा हिशेब मांडून पाहू. हीट म्हणजे भट्टीचा एक घाणा. त्यात 10 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 10 भाग प्राणवायू राहिला असेल, तर तो भरतो 600 ग्रॅम. हा प्राणवायू मोकळा नसतो. जवळजवळ सगळा अ‍ॅल्युमिनियमशी बांधला गेलेला असतो आणि त्याचे सुमारे सव्वा किलो अ‍ॅल्युमिना होते. प्रत्येक कण 10 मायक्रॉनचा धरला, तर कणांची संख्या 60 हजार कोटींच्या घरात जाते. आणि हे पोलाद ‘स्वच्छ’ गणले जाते! आंतरराष्ट्रीय मानकात बेअरिंगच्या पोलादाला 15 पीपीएमपर्यंत मुभा आहे.

हे कण बाहेरून पडलेला कचरा नसून बहुतांशी उपचाराचाच अवशेष असतात. भट्टीतल्या पोलादात प्राणवायू विरघळलेला असतो. तो काढायला अ‍ॅल्युमिनियम टाकावे लागते आणि त्याचेच कण मागे उरतात. कारखान्यात यांना ‘इन्क्लुजन’ म्हणतात.

पुण्याच्या वर्कशॉपमध्ये ईएन-31 म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोलादात सुमारे 1 टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते. बेअरिंगची गोळी रेसवरून, म्हणजे कडीतल्या तिच्या वाटेवरून फिरते, तेव्हा सर्वाधिक कातर ताण पृष्ठभागाच्या किंचित खाली पडतो. नेमका तिथे अ‍ॅल्युमिनाचा टणक कण असला की घात होतो. थंड होताना पोलाद जास्त आकसते, हा कण कमी. त्यामुळे कणाभोवतीचे पोलाद आधीच ताणलेले असते. लाखो फेऱ्यांनी तिथे तडा जातो, तो वर येतो आणि टवका उडतो. आज बेअरिंग वेळेआधी जाते ते बहुधा वंगणाची हयगय झाल्याने किंवा धूळ शिरल्याने. पोलादावर क्वचितच बोट ठेवले जाते. हे श्रेय वितळशाळेचे.

कण किती, यापेक्षा सर्वांत मोठा कण केवढा, हा प्रश्न महत्त्वाचा. 100 मायक्रॉनच्या एका कणात 10 मायक्रॉनच्या हजार कणांचा ऐवज असतो. प्राणवायूच्या आकड्यात दोन्ही सारखेच दिसतात, बेअरिंगला मात्र तो एकच पुरतो.

प्रयोगशाळेत सळईचा तुकडा कापून, आरशासारखा चकचकीत करून शंभरपट मोठा पाहतात. स्वीडनच्या यर्नकोंटोरेट या संस्थेच्या तक्त्यावरून आलेली वर्गवारी आजही चालते: ए म्हणजे लांबट सल्फाइड, बी अ‍ॅल्युमिनाची माळ, सी सिलिकेट, डी गोल ऑक्साइड. टायटॅनियम नायट्राइडचे सोनेरी, टोकदार कण सरावलेल्या नजरेला लगेच कळतात. पण अमेरिकी मानकानुसार एका नमुन्याचे किमान क्षेत्र फक्त 160 चौरस मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढे. अल्ट्रासॉनिक तपासणी अख्खी सळई पाहते, तरी अगदी बारीक कण तिच्या हाती लागत नाहीत. जपानच्या क्युशू विद्यापीठातील युकिताका मुराकामी यांनी यावर संख्याशास्त्रीय वाट काढली. अनेक नमुन्यांतला प्रत्येकी सर्वांत मोठा कण मोजायचा आणि त्यावरून मोठ्या आकारमानात केवढा कण दडला असेल, याचा अंदाज बांधायचा. धरणासाठी शंभर वर्षांतल्या सर्वांत मोठ्या पुराचा अंदाज याच गणिताने काढतात.

अंदाज कितीही नेमका असला, तरी पोलाद गोठल्यावर कण काढता येत नाही. त्यामुळे खरी राखण पोलाद वितळलेले असतानाच करावी लागते. भट्टीतली मळी लॅडलमध्ये, म्हणजे वितळलेले पोलाद घेणाऱ्या भांड्यात, उतरू द्यायची नाही. निर्वातात दाब 1 मिलिबारच्या आसपास आणायचा. मग तळातून हलका आर्गॉन सोडायचा, म्हणजे बुडबुड्यांबरोबर कण वर येऊन मळीत मिसळतात. इथे हात सैल असून चालत नाही. मळीचा थर नुसता थरथरला पाहिजे. तो फाटून लखलखते पोलाद उघडे पडले, तर हवा लागते आणि नवे अ‍ॅल्युमिना तयार होते.

ओतकामात कारागिराचे लक्ष स्टॉपरवर, म्हणजे नोझलमधून पडणारा प्रवाह आवरणाऱ्या दांड्यावर असते. प्रवाह तेवढाच ठेवायला स्टॉपर हळूहळू वर उचलावा लागत असेल, तर नोझलमध्ये अ‍ॅल्युमिना साचत चालले आहे. साचलेला ढलपा सुटला की स्टॉपर अचानक खाली येतो. तो ढलपा त्या क्षणी ओतल्या जाणाऱ्या ब्लूममध्ये, म्हणजे पोलादाच्या जाड ठोकळ्यात, गेलेला असू शकतो. लॅडल बदलतानाच्या ब्लूमवरही असाच संशय असतो.

म्हणूनच जाणता खरेदीदार प्रमाणपत्रावरच्या ए, बी, सी, डीच्या आकड्यांवर समाधान मानत नाही. तो हीटची नोंद मागतो: निर्वात किती मिनिटे टिकला, आर्गॉन किती वेळ चालला, स्टॉपर कधी हलला. आणि शेवटी विचारतो, तो संशयित ब्लूम बाजूला काढून हलक्या कामाला वळवला का? या प्रश्नाचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाही. ते कारखान्याने त्या दिवशी किती टनांचे नुकसान सोसले, त्यावरून कळते.