परवानगी, आमंत्रण आणि सही

मागच्या व्याख्यानानंतर एक बाई भेटल्या. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो, हँग ग्लायडिंग करतो. उडण्याआधी त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. इजा झाली, मृत्यू आला, तरी मी किंवा माझे वारस दावा लावणार नाही, असा मजकूर. तिकडे त्याला वेव्हर म्हणतात. बाई म्हणाल्या, "सर, म्हणजे त्यानं जीव लिहून दिला का हो?" आज या प्रश्नाकडेच बघू.

हँग ग्लायडरला इंजिन नसतं. उडायला वाऱ्याच्या समोरचा उतार लागतो आणि उतरायला खाली मोकळं रान. बऱ्याचदा उतार एकाचा, रान दुसऱ्याचं, आणि दोघंही स्वतः उडत नाहीत. त्यांना यातून मिळायचं काय? कोणाचा पाय मोडला तर कोर्टाची नोटीस! मग माणूस फाटकाला कुलूपच लावणार ना?

ते लागू नये म्हणून तिथल्या नागरी संहितेत १९६३ साली कलम ८४६ आलं. जमीन करमणुकीसाठी कोणाला वापरू दिली, तर ती त्याच्यासाठी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर नाही. मासेमारी, शिकार, सहल यांच्या यादीत आज हँग ग्लायडिंगचं नावही आहे. अपवाद तीन. मालकानं जाणूनबुजून किंवा दुष्ट हेतूनं धोक्याची सूचना दिली नाही तर. परवानगीचा मोबदला घेतला तर. आणि नुसती परवानगी न देता स्पष्ट आमंत्रण दिलं तर.

या तिसऱ्या अपवादापाशी मी बराच अडखळलो. आपल्याकडे "या, या" म्हणणारा माणूस सज्जन. इथे त्याच्यावरच बोजा जास्त! पण विचार करा. "ये" म्हणताना मी न बोलता हेही सांगतो की जागा येण्याजोगी आहे. "तू विचारलंस, मी अडवत नाही" यात तसं आश्वासन नसतं. मोबदल्याचंही तेच. क्लबनं कृतज्ञतेपोटी मालकाला भाडं देऊ केलं, तर त्याचं कवचच जाऊ शकतं. म्हणून मग वेव्हर आणि विमा. अमेरिकेतल्या वैमानिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या वेव्हरमध्ये जमीनमालकही मोकळे केलेले असतात. विमा लागतो तो आणखी एका कारणानं: खाली शेतात उभ्या असलेल्या माणसानं कुठे सही केलेली असते?

बरं, सही कुठवर चालते? १९६३ सालीच कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं एका रुग्णालयाचा असा कागद रद्द ठरवला. दाखल होणाऱ्या रुग्णाला दुसरा पर्याय नसतो, ती संमती कसली? उडणाऱ्यावर अशी सक्ती नसते, त्यामुळे त्याची सही साधारणपणे टिकते. पण २००७ मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं की घोर निष्काळजीपणा आधीच माफ करून घेता येत नाही. तेव्हा मुलानं जीव लिहून दिलेला नाही. साध्या चुकीबद्दल दावा लावण्याचा हक्क तेवढा सोडला आहे.

आणि त्या सहीनं जागेवर हक्कही मिळत नाही, हे तरुणांना सांगावं लागतं. एकानं फाटक उघडं टाकलं, उभ्या पिकात ग्लायडर उतरवला, की मालक परवानगी काढून घेतो. सगळ्यांचीच.

वारसांचं काय, हे मी बाईंना शेवटी सांगितलं. मृत्यूनंतर वारसांचा दावा खरं तर त्यांचा स्वतःचा असतो. तरीही तिथल्या अपील न्यायालयांनी असे कागद त्यांच्या आड येतात असं धरलं आहे. जाणाऱ्यानं धोका स्वतःच पत्करला, तर त्याच्याबाबतीत कर्तव्य मोडलंच नाही, हा तर्क.

"पण मी तर सही केली नव्हती," बाई म्हणाल्या. "मला कोणी विचारलंसुद्धा नाही."

मुलगा सज्ञान आहे, एवढंच उत्तर मी देऊ शकलो.