मायक्रोवेव्ह बिघडलाय? स्क्रूपाशी थांबा!

रात्रीचे साडेनऊ. ऑफिसातून दमून आलात, कालची भाजी मायक्रोवेव्हमध्ये ठेवलीत, बटण दाबलंत. दिवा लागला, प्लेट गरगर फिरली, 'टिंग' झालं आणि भाजी गार ती गारच! सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, परवा येतो. ड्रॉवरमध्ये स्क्रूड्रायव्हर आहे. मागे मिक्सर तुम्हीच उघडून सुरू केला होतात. मग हाही उघडायला काय हरकत आहे?

बॉस, भरपूर हरकत आहे. मिक्सर, इस्त्री, टोस्टर यांचा प्लग काढला की विषय संपला. मायक्रोवेव्हचा संपत नाही. आतला जाडजूड ट्रान्सफॉर्मर आपल्या घरच्या 230 व्होल्टचे 2000च्या आसपास करतो, कपॅसिटर आणि डायोडची जोडी ते 4000 च्या घरात नेते, आणि त्यावर मॅग्नेट्रॉन चालतो. (हा मॅग्नेट्रॉन मुळात रडारवाला. 1945 च्या सुमारास अमेरिकेत पर्सी स्पेन्सर या इंजिनिअरच्या खिशातलं चॉकलेट त्याच्याजवळ वितळलं, अशी ओव्हनची जन्मकथा सांगतात.) खरा डेंजर मामला आहे तो कपॅसिटर. प्लग काढल्यावरही तो वीज धरून बसू शकतो. ती हळूहळू उतरावी म्हणून त्यात बहुधा एक रेझिस्टर असतो, पण तोच गेला असेल तर बाहेरून कळत नाही. आणि आपला लाडका टेस्टर? तो घरच्या विजेसाठी असतो, हजारो व्होल्टसाठी नाही.

हा सगळा फंडा मला नीट कळला तो पेडगावात. परभणीजवळचं, मनमाड-नांदेड रेल्वेमार्गावरचं हे गाव. तिथे माझी मावशी राहते. मायक्रोवेव्ह मावसभावानं हौसेनं आणलेला, आणि मी गेले तेव्हा नेमका आजारी.

"आवाज येतो का गं मावशी?" मी विचारलं.

"येतो की, गिरणीवानी घूं घूं. पण दूध हाय तसंच."

तोवर मावसभाऊ स्क्रूड्रायव्हर घेऊन हजर. "कामून घाबरायलीस ताई? प्लग काढलाय ना!" तो आयटीआय झालेला, गावातल्या मोटारी दुरुस्त करणारा. अशाच माणसाला इथे जास्त धोका असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. नवखा माणूस घाबरून लांब राहतो, अर्धी माहिती असलेला थेट हात घालतो. शिवाय सर्व्हिस सेंटर गावात नाही, म्हणजे उघडून बघायचा मोह दुप्पट!

आम्ही आधी बाहेरूनच तपासायचं ठरवलं. आणि तिथेच एक बॉम्ब सापडला. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये, तो एक्स्टेन्शन बोर्डवर, त्याच बोर्डवर टीव्ही. अर्थिंगचा पत्ता नाही, अ‍ॅडॅप्टर एका बाजूनं काळा पडलेला. वीस लिटरचा साधा मायक्रोवेव्हही भिंतीतून 1200 वॉटच्या आसपास खेचतो. त्याला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, तोही अर्थिंगसकट. हे पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटलाही तितकंच लागू, कारण ओटा सजवताना प्लग पॉइंटचा विचार करतं कोण?

न उघडता काय बघाल?

बरंच काही! पॉवर चुकून डीफ्रॉस्टवर राहिलीय का, चाइल्ड लॉक लागलंय का, दाराच्या कडेला खरकटं अडकलंय का. प्लेट अडखळत असेल तर खालची चाकांची रिंग काढून धुवा. आत ठिणग्या उडताहेत? मग स्टीलची वाटी किंवा सोनेरी कडेचा कप ठेवला नाहीत ना, ते आधी बघा. नसेल, तर आतल्या भिंतीवरचं पुठ्ठ्यासारखं अभ्रकाचं पान पाहा. त्यावर तेलकट थर बसला असेल तर प्लग काढून ओल्या फडक्यानं पुसा. जळून भोक पडलं असेल तर आपल्याच मॉडेलचं नवीन पान बसवल्याशिवाय वापरू नका. आत पेटलंच, तर दार उघडायचं नाही. बटण बंद, प्लग बाहेर, दार बंदच.

आणि एक देशी जुगाड कटाक्षानं टाळा. आतला फ्यूज उडाला की तिथे तार गुंडाळणारे महाभाग आहेत. मायक्रोवेव्हच्या दारामागे सहसा तीन स्विच असतात. दार उघडं असताना लहरी सुरू राहू नयेत, हे त्यांचं काम. त्यांच्यात गडबड झाली तर एक स्विच मुद्दाम फ्यूज उडवतो. म्हणजे उडालेला फ्यूज हा बऱ्याचदा दाराची तक्रार सांगत असतो, आणि तार टाकून आपण त्याचं तोंड बंद करतो!

मावशीच्या ओव्हनमध्ये यातलं काही नव्हतं. आवाज मोठा आणि उष्णता शून्य, म्हणजे दुखणं स्क्रूच्या पलीकडचं. मग मावसभावानं तो गोधडीत गुंडाळून परभणीला नेला. मेकॅनिकनं कव्हर काढलं आणि कशालाही हात लावायच्या आधी कपॅसिटर रिकामा केला. भावाचे डोळे तेव्हा बघण्यासारखे झाले होते. डायोड गेला होता. तो बदलून झाल्यावर मेकॅनिकनं दाराच्या कडेनं लीकेज मीटर फिरवला. अमेरिकेत 1971 पासून पाळली जाणारी मर्यादा आहे दारापासून पाच सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉट. तुमचा मेकॅनिक हा मीटर लावतो का, हे ओव्हन त्याच्याकडे सोडण्याआधीच विचारा.

ओव्हन परत आला, पण मावशीनं तो लगेच लावू दिला नाही. आधी वायरमनला बोलावून स्वयंपाकघरात 16 अँपिअरचा पॉइंट घेतला आणि परसात अर्थिंगचा खड्डा खणून घेतला. काळा पडलेला अ‍ॅडॅप्टर तिनं स्वतःच्या हातानं चेपून टाकला, पुन्हा कुणी उचलून वापरायला नको म्हणून.