शिंपल्यातील विष

इ. स. १७९३ च्या जून महिन्यात कॅप्टन जॉर्ज व्हँकूव्हर हा इंग्रज दर्यावर्दी उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची पाहणी करीत होता. १५ जून रोजी त्याच्या एका तुकडीतील काही खलाशांनी न्याहारीस मसल नावाचे शिंपले खाल्ले. कोकणातील तिसऱ्यांप्रमाणेच हा प्राणीही दोन शिंपांच्या आड राहतो. थोड्याच वेळात त्या खलाशांचे चेहरे व हातपाय बधिर होऊ लागले. जॉन कार्टर हा खलाशी त्याच दिवशी मरण पावला. इतर आजारी खलाशी बचावले. हा प्रदेश आज कॅनडा देशात आहे. तेथील एका खाडीस विषाची खाडी आणि दुसरीस कार्टरचे नाव मिळाले, ते आजही कायम आहे.

शिंपल्यात हे विष आले कोठून? समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवाले असतात. त्यांतील काही जाती सॅक्सिटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. शिंपले पाणी गाळून त्यातील शैवाल खातात. त्यामुळे हे विष त्यांच्या अंगात साठते. विषारी शिंपला दिसावयास व चवीस चांगल्या शिंपल्यासारखाच असतो. तो शिजविला तरी विष नाहीसे होत नाही.

हे विष मज्जातंतूंतून जाणारे संदेश अडविते. प्रथम ओठ व जीभ यांना मुंग्या येतात, मग हातपाय लुळे पडतात. अखेरीस श्वासोच्छ्वास करणारे स्नायूच थांबतात, आणि त्यातच मृत्यूचे भय असते.

अशा रोग्याची परीक्षा करताना डॉक्टर प्रथम साधे प्रश्न विचारतात: काय खाल्ले? केव्हा खाल्ले? बरोबर आणखी कोणी खाल्ले? उरलेले शिंपले प्रयोगशाळेत तपासले असता विषाची खात्री पटते. परंतु तोपर्यंत थांबणे धोक्याचे असते. म्हणून उपचार लगेच सुरू करावे लागतात.

या विषावर उतारा अद्याप सापडलेला नाही. तरीही रोगी वाचू शकतो. त्याचे स्नायू काम करीनासे झाले, की यंत्राच्या साह्याने त्याच्या फुफ्फुसांत हवा भरतात. शरीर हळूहळू ते विष लघवीवाटे बाहेर टाकते. पहिले बारा ते चोवीस तास निभावले, म्हणजे रोगी बहुधा बरा होतो. बिचाऱ्या कार्टरच्या काळी असे यंत्र नव्हते.

आज अनेक देशांत शिंपल्यांची नियमित तपासणी होते. शंभर ग्रॅम मांसात ऐंशी मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक विष आढळले, तर तेथील शिंपले काढण्यास मनाई करतात. मनाईची पाटी पाहून माघारी फिरणारा मनुष्य भित्रा नव्हे, शहाणा होय. आणि कोणी शिंपले खाऊन ओठ बधिर झाल्याचे सांगितले, तर क्षणाचाही विलंब न लावता त्यास रुग्णालयात पोहोचविणे, हेच त्याचे प्राण वाचविण्याचे पहिले पाऊल होय.