तेलाच्या वाटेवरचं काम

हायड्रॉलिक सिलिंडर बाहेरून अगदी साधा दिसतो: एक नळी, एक चकचकीत दांडा, दोन पोर्ट. खरी कारागिरी आत असते. अडीचशे बार दाबाचं तेल ज्या भिंतीआड कोंडलेलं असतं, ती भिंत कशी घडवली यावर सीलचं आयुष्य ठरतं.

ही भिंत होनिंगने घासण्याची पद्धत आजही चालू आहे. होनिंगचे दगड फिरत फिरत पुढेमागे सरकतात आणि तिरकस रेघांची जाळी उमटते. त्या जाळीत तेल धरून राहतं, सील कोरडं पडत नाही. म्हणून खरखरीतपणा साधारण ०.२ ते ०.४ मायक्रॉन ठेवतात. अति गुळगुळीत भिंत सीललाच खाते. लांब नळ्यांसाठी आता स्कायव्हिंग आणि रोलर बर्निशिंग एकाच फेरीत होतं. पुढची पाती धातूची साल काढतात, मागचे रोलर पृष्ठभाग दाबून बसवतात. वेळ कितीतरी वाचतो आणि दाबलेल्या थराला सहज तडे जात नाहीत.

दांड्यावरच्या हार्ड क्रोमच्या मुलाम्याची गोष्ट वेगळी. त्याच्या टाकीतलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला खास परवानगी लागते. याला एक पर्याय आहे. जर्मनीत आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेत विकसित झालेल्या अतिवेगवान लेझर क्लॅडिंगमध्ये धातूची पूड दांड्यावर पोचण्याआधीच किरणात वितळते. त्यामुळे मिनिटाला एक-दोन मीटरचा वेग शेकडो मीटरवर गेला. प्लेटिंगच्या टाकीशेजारी उभ्या राहणाऱ्या कामगाराची फुप्फुसं, एवढं एकच कारण मला या बदलासाठी पुरेसं वाटतं.

न्यूमॅटिक्समध्ये दाब सहा-आठ बारचा, त्यामुळे प्लास्टिकलाही वाव मिळतो. फेस्टो कंपनीने प्लास्टिकची पूड लेझरने सांधून (लेझर सिंटरिंग) घडवलेल्या, हत्तीच्या सोंडेवर बेतलेल्या यांत्रिक हाताला २०१० साली जर्मन भविष्य पुरस्कार मिळाला.

सर्वांत मोठी उलथापालथ मात्र वाल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे तेलाच्या वाटा कोरलेल्या धातूच्या ठोकळ्यात आहे. ड्रिल सरळच जातं. त्यामुळे तेलाला काटकोनात वळावं लागतं, नको असलेली तोंडं प्लगने बुजवावी लागतात आणि जिथे दोन भोकं भेटतात तिथे बर, म्हणजे धातूची पातळ कड, उरते. ती सुटून वाल्व्हमधल्या सरकत्या स्पूलच्या काही मायक्रॉनच्या फटीत शिरली की वाल्व्ह अडकलाच. ती काढायला एक धाडसी पद्धत आहे: ब्लॉक बंद कोठडीत ठेवून वायू आणि ऑक्सिजनचं मिश्रण पेटवायचं, क्षणार्धात पातळ बर जळते, जाड धातू शाबूत राहतो. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये मात्र ड्रिलच लागत नाही, वाटाच वळणदार घडवता येतात. लीबहेर कंपनीने टायटॅनियमचा असा ब्लॉक ३० मार्च २०१७ रोजी एअरबस ए३८० वर उडवला. तो नेहमीच्या ब्लॉकपेक्षा ३५ टक्के हलका होता आणि त्याचे दहा भाग कमी झाले होते.

विमानात ग्रॅमला किंमत आहे. कारखान्यातल्या प्रेसला धातू प्रिंट करण्याचा खर्च परवडणार नाही. तिथे धातूऐवजी वाळूचे कोअर (साच्यातले गाभे) प्रिंट करून वळणदार वाटा ओतकामातच मिळवणं शहाणपणाचं. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींकडे ओतकामाचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांना ही वाट सर्वांत जवळची आहे, फक्त ओतल्यावर आतली वाळू कणन्‌कण बाहेर काढण्याची आणि ती निघाली की नाही हे तपासण्याची व्यवस्था आधी उभी करायला हवी.